पाळणा, पॉलिश पेपर आणि विजेचे यंत्र

पूर्वी रंधा, पटाशी, करवत ही सुताराच्या पेटीत असत आणि त्याच्याबरोबरच घरी येत-जात. आता तसे राहिलेले नाही. भिंतीला भोक पाडायचे ड्रिल घरोघर दिसते, आणि त्याच्या शेजारी लाकूड घासायचे सँडरही येऊन बसले आहे. खाली गोल किंवा चौकोनी तबकडी, तिला पॉलिश पेपर चिकटवायचा, बटण दाबायचे, की काम सुरू. हाताने दोन दिवस लागणारे काम दोन तासांत होते. म्हणूनच तर आपल्याला त्याचा मोह पडतो. पण यंत्राबरोबर आलेले माहितीपत्रक मात्र खोक्यातच राहते, नाही का? आमच्याकडेही तसेच झाले.

आमच्या माळ्यावर एक सागवानी पाळणा आहे. सासूबाईंची तिन्ही मुले त्यात वाढली. गेल्या वर्षी धाकटी नणंद बाळंतपणाला माहेरी आली, सातवा महिना होता. सासूबाईंनी हौसेने पाळणा खाली काढायला लावला. त्यावर जुन्या पिवळ्या रंगाचे थरावर थर, जागोजागी पोपडे आलेले. "दोन तासांत लखलखीत करून देतो," म्हणून ह्यांनी नवे सँडर गॅलरीत लावले.

मी आत कणीक मळत होते. दहा मिनिटांत परातीच्या काठावर पिवळसर पूड दिसू लागली. नणंद गॅलरीच्या दारात उभी राहून कौतुकाने बघत होती आणि मधूनमधून खोकत होती. "अहो, आधी ते बंद करा," असे मी म्हटले ते खरे सांगायचे तर कणकेसाठी. खरी गोष्ट संध्याकाळी कळली. प्रायमर आणायला रंगाच्या दुकानात गेले, तर तिथले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ताई, रंग किती जुना आहे? जुना असेल तर कोरडा घासू नका. त्यात शिसं असतं."

त्या शिशाकडे मी शेवटी येतेच. आधी यंत्राचे बघू.

पहिली गोष्ट वीज. प्लग तुटला म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये घालायच्या आणि आगपेटीच्या काड्या खोचायच्या, ही आपल्याकडची जुनी खोड. ती आजच सोडा. यंत्राच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी आवरण आहे, आणि दोन पिनांचा प्लग चालतो. ती खूण नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि घरात चांगले अर्थिंग हवेच. मीटरजवळच्या पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. साधा फ्यूज वायरिंग वाचवतो, माणसाला झटक्यातून सोडवायला हा आरसीसीबी लागतो. त्यावर 'टेस्ट'चे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून बघावे. वीज लगेच गेली पाहिजे. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडून घ्या, नाहीतर ती आतल्या आत तापते. हात ओले असताना, किंवा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभे राहून यंत्र धरू नका. आणि कागद बदलताना, ड्रिलचे पाते बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या अंगावरची. पदर, ओढणी, मोकळे केस, लांब मंगळसूत्र, बांगड्या यांतले काहीही फिरत्या यंत्राजवळ नको. पदर खोचला तरी वाकल्यावर सुटतोच, म्हणून त्या वेळी सरळ पंजाबी ड्रेस घालावा आणि ओढणी काढून ठेवावी. केसांचा घट्ट अंबाडा बांधावा. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत, हे पुष्कळजणींना उलटे वाटेल. पण सैल मोजा फिरत्या पात्यात अडकला की बोटेही ओढून नेतो. डोळ्यांना मात्र बाजूने बंद असलेला चष्मा हवाच, नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही. काम बराच वेळ चालणार असेल तर कानात बोळे घाला.

आता प्रत्यक्ष घासणे. लहान वस्तू एका हाताने धरून दुसऱ्या हाताने घासू नये. टेबलाला क्लॅम्पने घट्ट बांधावी. गोल तबकडीचे सँडर लाकडावर सपाट टेकवून मग सुरू करावे. वरून दाबू नये, हाताचे वजन पुरते. दाबले की तबकडीची गती मंदावते, लाकडावर गोल चरे उठतात आणि मोटर तापते. कागदाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. आधी 80, मग 120, शेवटी 220 असे चढत जावे. मधला नंबर गाळला तर जाड कागदाचे चरे पॉलिश लावल्यावर हमखास वर दिसतात. घासण्याआधी लाकडावरून बोटाने नव्हे, जुन्या कापडाने हात फिरवून खिळे बघून घ्या. खिळ्यावर तबकडी लागली तर ठिणगी उडते, आणि धुळीच्या पिशवीत सुका भुसा असतोच. ती पिशवी अर्धी भरली की रिकामी करावी. शेजारी थिनरचा किंवा पेट्रोलचा डबा उघडा नको. दर पंधरा-वीस मिनिटांनी हाताला विसावा द्या. मुंग्या येऊ लागल्या तर काम थांबवा. बंद केल्यावर तबकडी पूर्ण थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये.

भिंतीला ड्रिल लावताना स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका. तारा बहुधा तशाच नेलेल्या असतात. न्हाणीघराच्या भिंतीत नळ असतात, तिथेही सांभाळून. आणि ग्राइंडर? ते हाती घ्यायचेच असेल तर त्याची जाळी, म्हणजे गार्ड, कधी काढू नये आणि त्याला करवतीचे दाते असलेली चकती लावू नये. मी स्वतः ते काम कारागिरावर सोपवते. त्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

तिसरी गोष्ट धूळ. हाताने घासले की भुसा खाली पडतो. यंत्राने घासले की तो पिठाहून बारीक होतो आणि हवेत तरंगत राहतो. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच जाहीर केले आहे. सतत तेच काम करणाऱ्या कारागिरांना हा धोका सर्वांत मोठा. सागाच्या धुळीने अंगाला खाज सुटते, दमेकऱ्यांना त्रास होतो. तेव्हा नाकावर रुमाल बांधून चालायचे नाही, एन-95 मास्क नीट बसवून घाला. काम उघड्यावर करा, खोलीची दारे-खिडक्या लावून घ्या. नंतर झाडू मारू नका, त्याने सगळी धूळ पुन्हा वर उठते. ओल्या फडक्याने पुसावे.

आणि आता शिसे. रंग लवकर वाळावा, टिकावा, पिवळा-नारिंगी उठून दिसावा म्हणून तैलरंगात शिशाची संयुगे घालत असत. आपल्याकडे घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे, असा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून तो लागू आहे. म्हणजे त्याआधी रंगवलेली दारे, खिडक्या, गज, खेळणी, पाळणे यांवर शिसे असू शकते. वरून नवा रंग दिला तरी खालचा थर तसाच राहतो. नुसते बघून ते कळत नाही. मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा घाव वाढत्या मेंदूवर होतो. पोटातल्या बाळापर्यंतही ते आईच्या रक्तातून पोचते. सँडरने असा रंग घासणे म्हणजे घरभर ते पीठ उधळणे.

हे कळल्यावर मी घरी आले ती धावतच. नणंदेला त्याच संध्याकाळी मावशींकडे पाठवले. कणीक टाकून दिली. गॅलरी आणि स्वयंपाकघर ओल्या फडक्यांनी पुसले, ती फडकी पिशवीत बांधून फेकली. ह्यांचे कपडे वेगळे धुतले. डॉक्टरांना सगळे सांगितले, त्यांनी रक्तातले शिसे तपासायला लावले. अहवाल येईपर्यंत चार रात्री कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. काळजी करण्याजोगे काही निघाले नाही, हे नशीब.

सासूबाई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "माझी तिन्ही मुलं त्यातच वाढली, काय झालं त्यांना?" हा त्यांचा प्रश्न. मी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पाळणा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला घेतला. "लाकूड काय, आणखी वीस वर्षं राहील," एवढेच म्हणाल्या. बाळ त्यांच्या मऊ जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपले. बारशाला शेजारच्या काकूंचा बिनरंगी वेताचा पाळणा मागून आणला.

म्हणून, मैत्रिणींनो, घरात यंत्र सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हा रंग कधीचा? उत्तर ठाऊक नसेल तर शिसे आहे असेच धरून चाला. रंग घट्ट बसलेला असेल तर न घासता वरून नवा थर द्या. पोपडे सुटत असतील तर ते पाणी शिंपडून ओलेच ठेवून, साध्या खरवडणीने काढा. सँडर नको आणि ज्योतीचा दिवाही नको. गरोदर बाई आणि मुले त्या दिवशी घरात नकोत. आणि जी वस्तू बाळ तोंडात घालणार, तिच्यावर असा जुना रंग असेल तर ती वस्तू बाळाला देऊच नये.

सँडर आमच्याकडे अजून आहे. परवाच मी त्यावर बिनरंगी पाट घासले, तेही गच्चीवर नेऊन. झकास झाले आहेत हं!