जपून ठेवलेला कॅमेरा

गणपतीच्या आधी घर आवरायचं ही आमच्याकडची रीत. यंदा माळा आवरताना बाबांचा कॅमेरा सापडला. सापडला म्हणजे काय, हरवला नव्हताच. मीच ठेवला होता तिथे, २०१९ मध्ये, बाबा गेले त्या वर्षी. यशिका इलेक्ट्रो ३५, मामानं मस्कतहून आणलेला. माझी मुंज, आत्याचं लग्न, चिंचणीच्या समुद्रावरचे आमचे उघडेबंब फोटो, सगळं त्याच्यातूनच उतरलंय. आत्यानं तेव्हा बजावलं होतं, "दादाची वस्तू आहे, जपून ठेव." मी जपून ठेवला. चामड्याच्या केसमध्ये घातला, वर प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड, आणि वर एक जुना टॉवेल.

लेन्स खिडकीकडे धरून पाहिली तर आत कोळिष्टकं!

पहिला राग आला तो एमआयडीसीचा. बोईसरला राहणाऱ्या माणसाला ही सवयच लागते, खोकला आला तरी एमआयडीसी आणि कपडे वाळले नाहीत तरी एमआयडीसी. (बऱ्याचदा ते खरंही असतं, पण तो वेगळा विषय.) यावेळी मात्र कारखान्यांचा काही दोष नव्हता. बुरशीला रसायनं लागत नाहीत. तिला हवी दमट, कोंडलेली हवा आणि खायला चिमूटभर धूळ किंवा बोटांचा तेलकटपणा. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की ती हातपाय पसरते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पापड सादळतात, काडेपेटी ओढत नाही, चपला हिरव्या होतात, मग एकट्या काचेनं सुटावं असं कुठंय? त्यात चामड्याची केस ओल धरून ठेवते. थोडक्यात, मी बुरशीला बंगला बांधून दिला होता, वर टॉवेलाचं छप्पर घालून.

हे दुखणं काही नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर सैन्याच्या दुर्बिणी अशाच बुरशीनं आंधळ्या झाल्या होत्या. सैन्याची ती गत, तिथे आमचा माळा काय!

लोकल पकडून फोर्टात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी लेन्स उघडून साफ केली. जाळं गेलं, पण एका भिंगावर फांद्यांसारखी फिकट नक्षी राहिली. "ही नाही जाणार, कोटिंग खाल्लंय," म्हणाले. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. तो कमी करायला भिंगावर एक पातळ थर देतात. थर किती पातळ, तर मिलिमीटरचा जवळपास दहा हजारावा भाग. बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते आधी हा थर खातं, मग काच. बुरशीला ऊन दाखवा असं सगळे सांगतात. उन्हानं तिची वाढ थांबेल कदाचित, खाल्लेलं परत येत नाही.

हा थर किती नाजूक असतो हे कळल्यापासून मला आमच्या भाच्याकडे बघवत नाही. त्याचा कॅमेरा महागडा, आणि दर दहा मिनिटांनी तो लेन्स शर्टाच्या टोकानं पुसतो. केळव्याच्या किनाऱ्यावर तर वारा समुद्राचं खारं पाणी आणि वाळूचा कण घेऊनच येतो. मीठ सुकलं की त्याचे खडे होतात, त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे भांडं घासणंच. आधी रबरी फुग्यानं हवा मारा, मग मऊ ब्रश. तरी डाग राहिलाच तर मायक्रोफायबरच्या फडक्यावर, लेन्सवर नव्हे, द्रावणाचा एक थेंब टाकून हलक्या हातानं गोल फिरवा. आणि दोन-चार धुळीचे कण असतील तर चक्क सोडून द्या, फोटोत दिसतसुद्धा नाहीत. माझं तर मत झालंय की धुळीपेक्षा पुसण्यानं जास्त लेन्स गेल्या असतील. भाच्याला हे पटत नाही. असो.

पण भाचा निदान कॅमेरा रोज वापरतो, त्याच्या लेन्सला वारा लागतो. सहा पावसाळे मी काय केलं?

आता कॅमेरा हवाबंद डब्यात असतो, केसशिवाय. सोबत सिलिका जेल आणि दोनशे रुपयांचा एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असला की मी निवांत. फार कोरडंही नको, आतलं ग्रीस सुकतं म्हणतात. तांदळात ठेवा असं शेजारच्या काकूंनी सुचवलं होतं, पण तांदळाची पूड म्हणजे बुरशीला नैवेद्यच. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

आत्या, तू हे वाचशील तेव्हा रागावशील. फोनवर म्हणालीसच, "साफ करून परत ठेवून दे, वापरू नकोस, बिघडेल." ऐकलं नाही. गेल्या रविवारी रोल भरला आणि चिंचणीला गेलो. सूर्य समोर होता तिथे फोटोवर धुकं आल्यासारखं झालंय, ती त्या नक्षीची करणी. पण सूर्य पाठीशी ठेवून काढलेले छान आलेत, बाबांचे यायचे तसे. दिवाळीला येशील तेव्हा तुझाही एक काढायचाय, नाही म्हणू नकोस.

तोवर दर पंधरा दिवसांनी सिलिका जेल भाजणं चालू आहे. निळे मणी गुलाबी झाले की मंद आचेवर परततो, पुन्हा निळे होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, पोटात जाऊ नये, म्हणून त्याची कढई वेगळी. घरची मोठी कढई गेली त्यात. बायको अजून बोलत नाहीये. :)