जवाच्या पाच भाकरी

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या मंडळीत संडे स्कूलच्या बाईंनी पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट सांगायला घेतली, की सतरंजीवरून कुणीतरी हमखास विचारतं, भाकरी कशाच्या होत्या? ज्वारीच्या की बाजरीच्या?

प्रश्न पोरकट वाटतो, पण त्याचं उत्तर शुभवर्तमानात आहे. ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत येते. भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाजवळ होत्या, हे मात्र एकट्या योहानाने नोंदवलं आहे. जव हे तिथल्या गरिबाचं धान्य. ज्याला गहू परवडत नसे तो जव खाई. समोर पाच हजार पुरुष बसलेले. शिष्य फिलिप्प हिशेब मांडतो, दोनशे दीनारांच्या भाकरी आणल्या तरी पुरणार नाहीत. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. रोजंदारीवर जाणाऱ्या घरातल्या मुलाला हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा लागत नाही. मग आंद्रिया त्या मुलाकडे बोट दाखवतो आणि पुढचं सगळ्यांना पाठ असतं. उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्याही पाठ असतात. त्या पाच भाकरी पहाटे उठून भाजल्या कुणी, याबद्दल मात्र योहानही काही लिहीत नाही.

मराठी बायबलचा इतिहास तसा जुना. विल्यम केरीच्या सेरामपूरहून मत्तयाचं मराठी शुभवर्तमान 1805 साली छापून निघालं. पुढे अनेकांनी भाषांतरं केली, आणि त्यांतून ‘भाकर’ हा शब्द प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पक्का रुजला. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची मागायची ती भाकर, आणि प्रभुभोजनाच्या मेजावर मोडायची तीही भाकर. पंडिता रमाबाईंना तर साध्या बायामाणसांना कळेल असंच बायबल हवं होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या छापखान्यात टाइप जुळवायला बायका आणि मुलीच असत. त्यांतल्या कित्येकींना दुष्काळाने तिथे आणून सोडलं होतं. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या, त्या हे भाषांतर हातावेगळं करूनच. उपासमारीतून आलेल्या मुलीने ‘आज’ची भाकर मागणारी ओळ खिळा-खिळा जुळवून लावावी, त्या ओळीवर याहून निराळं प्रवचन कोण देणार?

पण स्वयंपाकघर बदललं की धडाही बदलतो. एका बाईने तीन मापं पिठात खमीर कालवलं आणि सगळं पीठ फुगलं, हा येशूचा दाखला नगरकडे समजावून सांगावा लागतो. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. त्यात खमीर येतंच कुठे? निर्गम पर्वातली ‘बेखमीर भाकर’ तिथे रोजचीच, अडतं ते खमिरापाशी. गोव्यात नेमकं उलटं. तिथले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेवर पावाचं पीठ आंबवत, आणि वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाचे फुगेही आंबवलेल्या पिठाचेच. रात्री मळलेलं पीठ सकाळी भांड्याबाहेर आलेलं ज्या मुलाने पाहिलंय, त्याला देवाचं राज्य आतून कसं वाढतं हे निराळं सांगावं लागत नाही. तीन मापं पीठ म्हणजे शंभरेक माणसांचं जेवण, एवढं सांगितलं की त्या बाईच्या घरात मोठं कार्य असणार, हे पोरंच ओळखतात.

भाकरीचा सगळ्यात अवघड धडा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांच्या माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी त्यांचं खाणंपिणं वेगळंच होतं. पुढे विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं, की जात देवाने नव्हे, माणसाने केली. मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. घरात प्रवचनकार नवरा आणि येणारे-जाणारे मिशनरी असूनही क्रम असा लागला: आधी पाण्याचा पेला, मग चर्चची पायरी.

करिंथच्या मंडळीतही भांडण जेवणावरूनच झालं होतं. सधन मंडळी आधी येऊन जेवून घेत आणि कामावरून उशिरा येणारे उपाशी राहत. पौलाने त्यांना खडसावून लिहिलं, एकत्र जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. प्रभुभोजनाच्या रविवारी या पत्राचा भाग वाचला जातो, पण बहुतेकदा या वाक्याच्या आधीच वाचन संपतं. ते घरात मोठ्याने वाचलं गेलं, तर भाकरी थापणारीच सगळ्यांत शेवटी का जेवते, असं एखादी मुलगी विचारील. पाळकसाहेबांच्या घरातही.

अनेक मंडळ्यांत प्रभुभोजनाची तयारी शनिवारी संध्याकाळी एखाद्या स्वयंपाकघरातच होते. द्राक्षारसासाठी काळ्या मनुका भिजत घालतात, मग कुस्करून तो रस फडक्यातून गाळतात. भाकर म्हणून आणलेला असतो बेकरीतला स्लाइस ब्रेड. आजी सुरीने त्याच्या तपकिरी कडा काढते, पांढरे चौकोनी तुकडे करते, मोजून ताटलीत ठेवते आणि वर धुतलेला रुमाल झाकते. ताटलीला हात लावायचा नाही, अशी नातवंडांना ताकीद असते. कडांना अशी बंदी नसते. त्या एका वाटीत जमतात आणि चुलीजवळ बसलेली पोरं त्या चहात बुडवून खातात.