फोटू काढलास बाबा, पण नाव इचारलंस का?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी करायची होती, म्हणून त्यांना घेऊन मुंबईला गेले होते. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरलो. भाचा घ्यायला येणार होता, त्याला उशीर झाला. आत्याबाई फूलबाजाराजवळ गाठोड्याला टेकून बसल्या. हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातावर गोंदण, शेजारी झेंडूचा ढीग. रात्रभराच्या प्रवासानं पदर घसरलेला, डोळे अर्धे मिटलेले.

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला पंचविशीतला एक मुलगा समोर येऊन उकिडवा बसला आणि खटखट फोटो काढू लागला.

आत्याबाईंनी डोळे उघडले. "काय करायलास रे बाबा?"

मुलगा भला होता. पळाला नाही. जवळ येऊन त्यानं फोटो दाखवला. "आजी, बघा, किती नॅचरल आलाय!"

आत्याबाईंनी डोळ्यांवर ताण देऊन पाहिलं. "अगं बाई! पदर कसा झालाय माझा! थांब जरा." त्यांनी पदर नीट घेतला, केस मागं सारले, गाठोडं नजरेआड सरकवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ताठ बसून थेट कॅमेऱ्याकडं पाहिलं. "हां, आता काढ."

त्यानं तोही काढला, पण मान राखायला म्हणून. जाताना मला म्हणाला, "पहिलाच भारी आहे." आणि गर्दीत दिसेनासा झाला.

परतीच्या गाडीत मनमाड गेल्यावर आत्याबाई एकदम म्हणाल्या, "फोटू काढला त्यानं. पण माझं नाव नाही इचारलं. कुण्या गावची, तेबी नाही."

मैत्रिणींनो, तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

आत्याबाईंच्या उभ्या आयुष्यातले फोटो मी घरी येऊन मोजले. लग्नातला एकही नाही. परभणीच्या उरुसात रंगवलेल्या पडद्यापुढं नवऱ्याशेजारी बसून काढलेला एक. मग रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र, आधार. प्रत्येक वेळी कुणीतरी सांगितलं, 'इकडं बघा, हलू नका.' 'कसा काढू?' असं कुणीच विचारलं नाही. दादरला त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं की मला असं दिसायचंय. आणि नेमका तोच फोटो त्या मुलाला नको होता.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे फोटो काढणं ही मोठ्या शहरांतली जुनी कला आहे. ती वाईट मुळीच नाही. न्यूयॉर्कमध्ये ब्रँडन स्टँटन यांनी २०१० साली 'ह्युमन्स ऑफ न्यूयॉर्क' सुरू केलं. वाटेत भेटलेल्या माणसाचा फोटो आणि त्याच्याच तोंडून दोन ओळींची कहाणी. त्याच वाटेनं २०१४ मध्ये करिश्मा मेहता यांनी मुंबईत 'ह्युमन्स ऑफ बॉम्बे' काढलं. गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्यामागं एक जन्म असतो, ही आठवण या फोटोंनी करून दिली, हे मान्यच करायला हवं.

पण शहराला 'वेगळा' वाटणारा चेहरा कुणाचा असतो? बहुतेक वेळा आपल्याचकडचा. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडून कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्या-मुंबईत बांधकामावर. डोक्यावर घमेलं, कडेवर लेकरू, अंगावर विटलेलं लुगडं. फोटोवाल्यासाठी ती एक सुंदर 'फ्रेम' असते. आपल्यासाठी ती गल्लीतली मावशी असते, जिची लेक यंदा बारावीला आहे आणि जिच्या शेतात औंदा सोयाबीन गेलंय. फोटोत चेहरा येतो, सोयाबीन येत नाही.

हिरव्या डोळ्यांची ती अफगाण मुलगी तुम्हाला आठवत असेल. १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी तिचा फोटो काढला. १९८५ च्या जूनमध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. पण तिचं नाव जगाला कळलं २००२ मध्ये. शरबत गुला. तोवर तिनं स्वतःचा तो फोटो पाहिलाही नव्हता! सतरा वर्षं साऱ्या जगानं तिच्याकडं पाहिलं आणि तिला त्याचा पत्ताच नाही.

कॅमेऱ्यामागं उभ्या राहिलेल्या बाईचंही नाव असंच हरवत आलं आहे. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. १९३०च्या दशकात त्यांनी मुंबईचे रस्ते आणि तिथल्या बायका टिपल्या, पण सुरुवातीला ते फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. त्याच होमाईबाईंनी पुढं साडी नेसून, सायकलवर सामान बांधून दिल्ली गाजवली. १९७० च्या सुमारास त्यांनी हे काम सोडलं. नव्या फोटोवाल्यांच्या वागण्यात अदब उरली नाही, ही त्यांची खंत होती. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. कौशल्याबरोबर अदबही लागते, हे त्यांनी स्वतः काम सोडून सांगितलं.

दुसरी वाटही आहे. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेल्या 'परी' या संकेतस्थळावर देशभरातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले साधे चेहरे आहेत. फोटोसोबत त्या माणसाचं नाव, काम आणि गाव दिलेलं असतं. फार काही नाही, तीनच गोष्टी. पण तेवढ्यानं 'एक म्हातारी' पुसली जाते आणि तिथं कुणीतरी माणूस उभं राहतं.

आता शहराला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्या हातातल्या मोबाइलचं काय?

माझ्या ओळखीतली एक मुलगी. तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. बसस्टँडबाहेर रसवंतीवर वर्गातल्या मुलाबरोबर रस पीत उभी असताना कुणीतरी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली एक हसरं चित्र, बस्स. संध्याकाळपर्यंत तो गावात पोचला. दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद. दोन महिन्यांत स्थळं बघायला सुरुवात. फोटो काढणाऱ्याला वाटलं असेल, गंमत केली. त्या गंमतीत तिचं शिक्षण गेलं.

चूक कुणाची? न विचारता काढणाऱ्याची तर आहेच. पुढं पाठवणाऱ्या प्रत्येकाची आहे. आणि पोरीनं काहीही केलेलं नसताना शिक्षा तिलाच देणाऱ्या घराचीही आहे. 'लोक काय म्हणतील' म्हणणाऱ्या आपण आया त्यात आलोच की!

कायदा इथं पुरा पडत नाही. बाईचे खासगी क्षण चोरून पाहणं वा टिपणं हा २०१३ पासून स्पष्ट गुन्हा आहे. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. पण भर रस्त्यावर सरळ काढलेल्या फोटोला सरसकट बंदी नाही, आणि ती असूही नये. नाहीतर पत्रकारानं मोर्चाचा, पुराचा, अन्यायाचा फोटो तरी कसा काढायचा? म्हणजे उरते ती माणुसकीची रीतच.

कुणी म्हणेल, आधी विचारलं की माणूस सावध होतं, मग फोटोतला जिवंतपणा जातो. खरं आहे. मग आधी काढा, पण नंतर थांबा. तिला दाखवा. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाका. नाव विचारा, गाव विचारा. आणि 'आता काढ' म्हणाली तर तो दुसरा फोटो मनापासून काढा. पहिल्यात ती तुम्हाला कशी दिसली ते असतं, दुसऱ्यात तिला कसं दिसायचंय ते. दोन्ही खरेच.

आणि मैत्रिणींनो, मोबाइल आपल्याही हातात आहे. आई, आजी, शेतात खुरपणारी शेजारीण, यांचे फोटो आपणच काढूया. मागं नाव, गाव, साल लिहून ठेवूया. शहरातून कुणी येऊन टिपेल याची वाट कशाला बघायची?

घरी आल्यावर मी आत्याबाईंचा फोटो काढला, अंगणात, त्यांनी सांगितला तसा. पदर नीट, हात गुडघ्यांवर, नजर समोर. तो चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगलाय. खाली नाव लिहायचं होतं. मी लिहायला घेतलं, तर म्हणाल्या, "माहेरचं गावबी लिही, बाई. नुसतं सासरचं नको."