तांदळाच्या कणीला डाख



घरात टीव्हीचा एखादा बंद पडलेला रिमोट किंवा संगणकाचा जुना माऊस आहे का? असेल तर आईबाबांना विचारा, रिमोटमधले सेल आधी काढा आणि मग तो उघडून बघा. आत एक पाटी दिसेल. तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे काळे-तपकिरी ठिपके चिकटलेले असतील.

ते ठिपके म्हणजे कचरा नव्हे बरं का! काळ्या ठिपक्याच्या पाठीवर बारीक आकडे दिसले, तर तो रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडवणारा. तपकिरी, आकडे नसलेला ठिपका बहुधा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा. पूर्वी या भागांना तारेचे लांब पाय असत. पाटीला भोकं पाडून ते पाय आरपार घालावे लागत. आता हे भाग पाटीच्या पृष्ठभागावरच बसतात. म्हणून त्यांना ‘सरफेस माउंट’ म्हणतात. कारखान्यात यंत्रं ते भराभर बसवतात.

मग हे काम हातानं होतं का? होतं! मी स्वतः केलंय. मात्र पहिल्या खेपेला माझी पुरती फजिती झाली. तीच आज सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या तपकीर गल्लीतून मी एक संच आणला. ‘५५५’ नावाची आठ पायांची चिप, तीन-चार रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि एक दिवा, म्हणजे एलईडी. सगळं नीट जोडलं की दिवा सेकंदाला साधारण एकदा लुकलुकणार. रेझिस्टरचा आकार ‘०८०५’, म्हणजे लांबी फक्त २ मिलिमीटर आणि रुंदी सव्वा मिलिमीटर! एक तर चिमट्यातून असा उडाला, की सतरंजी झटकून तासभर शोधला. तुम्ही मात्र ‘१२०६’ आकारापासून सुरुवात करा. तो ३.२ मिलिमीटर लांब असतो, डोळ्यांना बराच सोपा. आणि भाग नेहमी उभ्या काठाच्या पांढऱ्या ताटलीत ठेवा.

मग मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, त्याच्या टोकावर डाखाचा थेंब घेतला आणि कुंकू लावावं तसा एकेका टोकाला लावत गेले. सगळे थेंब कसे चकचकीत! बॅटरी लावली. दिवा ढिम्म.

पुन्हा थेंब लावले. पुन्हा ढिम्म. पाटी डब्यात टाकणार, तेवढ्यात शेजारची मुलगी आली. चौथीला माझ्याच वर्गात होती, आता सातवीत आहे. तिनं बॅटरी काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि टाचणीनं एका रेझिस्टरला हलकेच ढकललं. तो चक्क सरकला!

“बाई, हा गोळा नुसता बसलाय. चिकटलाच नाहीये!”

असं का झालं असेल? हे तुमच्या आजीला बरोबर सांगता येईल. पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा. तो भांडं आधी चांगलं तापवायचा, नवसागर टाकून ते स्वच्छ करायचा आणि मगच कथील फिरवायचा. भांडं गार असेल तर कथील पसरत नाही, त्याच्या गोळ्या होतात. आपला डाखही कथलाचाच भाऊ. साध्या डाखात ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असतं. तो १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. पण तो धरतो कधी? ज्याला धरायचं ते तापलेलं आणि स्वच्छ असेल तेव्हाच. इथं नवसागराच्या जागी राळेचा फ्लक्स लावतात. तो धातूवरचा गंज काढतो. नवसागर इथं चालत नाही हं, तो पाटीवरचं तांबं हळूहळू खातो.

मी फक्त डाख तापवला होता. पाटी गारच राहिली होती!

आता बरोबर रीत ऐका.

१) पाटीवरच्या तांब्याच्या चौकोनांना पॅड म्हणतात. दोन्ही पॅडना फ्लक्स लावा. एकाच पॅडवर थोडासा डाख वितळवून ठेवा.

२) चिमट्यानं भाग धरा. तो डाख पुन्हा वितळवा आणि भाग बाजूनं अलगद आत सरकवा. आयर्न काढा. डाख गार होईपर्यंत चिमटा हलवू नका.

३) आता दुसरं टोक. आयर्न पॅडला आणि भागाच्या टोकाला एकाच वेळी टेकवा. एक-दोन सेकंद थांबा. मग डाखाची तार जोडाच्या जागी लावा.

४) भिंगातून तपासा. चांगला जोड पॅडवरून भागाकडे उतारासारखा चढतो. फसलेला जोड मण्यासारखा गोल दिसतो. दोन पायांमध्ये जादा डाख साचला, तर तांब्याची विणलेली वात मिळते, ती त्यावर ठेवून तापवा. दिव्याची वात तेल पिते तशी ती डाख पिते.

मी आयर्न त्या मुलीच्या हाती दिलं. ती म्हणाली, “बाई, माझा हात थरथरतो.” मी म्हटलं, “माझाही थरथरतो. मनगट टेबलावर टेकव.” तिनं एकेक जोड पुन्हा केला. शेवटी बॅटरी लावली. लुक... लुक... लुक! आम्ही दोघींनी टाळ्या पिटल्या.

रात्री माझ्या मनात आलं, मी वर्गात विचारते, “समजलं ना?” सगळे ओरडतात, “हो बाई!” सगळे थेंब चकचकीत. पण दुसऱ्या दिवशी टाचणीनं ढकललं की काही सरकतात. अशा वेळी मूल ‘ढ’ नसतं. तिथं ऊब पोचलेली नसते, एवढंच. जोड पुन्हा तापवता येतो, हे त्या मुलीनं मला शिकवलं. तुम्हीही समजलं नसेल तर तसं सांगा. त्यात लाजायचं काय?

पालकांसाठी : आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास तापतं, म्हणून मुलांच्या शेजारी बसा. खिडकी उघडी असू द्या, धुरावर वाकू देऊ नका, डोळ्यांना चष्मा असू द्या. डाखात शिसं असतं, तेव्हा टेबलावर खाऊ नको आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे. विजेच्या प्लगवर चालणारी वस्तू मुलांनी उघडू नये.

या आठवड्याचा उद्योग : रेझिस्टरच्या पाठीवर ‘१०३’ लिहिलं असेल, तर १० वर तीन शून्यं द्यायची, म्हणजे १०,००० ओहम. मग ‘४७२’ म्हणजे किती? आणि ‘४७१’? रिमोटमध्ये भिंग लावून असे आकडे शोधा आणि वहीत उतरवा. उत्तर आलं की ते आईला समजावून सांगा. तिला समजलं, तर तुमचा जोड पक्का!

— तुमच्या बाई