झिजलेला पैसा ओळखावा कसा?

आजीच्या पत्र्याच्या पेटीत कधी तरी एखादा काळा पडलेला तांब्याचा पैसा सापडतो. अक्षरे झिजलेली, साल गायब. लगेच घरात बोलणे सुरू होते, ‘लाखाला जाईल म्हणे!’ बंधू-भगिनींनो, विकण्याच्या गोष्टी मागाहून. आधी तो कोणाच्या काळचा, हे आपणच ओळखायला शिकू या.

चिंच, लिंबू, राख लावून पैसा घासू नका. उरलीसुरली अक्षरे जातात, किंमतही जाते. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड बाजूने आडवा पाडा आणि नाणे हळूहळू फिरवा. बुजलेले आकडे सावलीमुळे उठून दिसतात.

साल दिसलेच नाही तर चित्र पाहा. सिंह आणि ढाल असेल तर पैसा ईस्ट इंडिया कंपनीचा. मागे तराजू असेल तर मुंबई इलाख्याचा, १८३५ पूर्वीच्या धाटणीचा. पानांचा हार असेल तर १८३५ पासूनचा. मात्र १८३५ हेच साल पुढेही कित्येक वर्षे छापले जात होते, हे ध्यानात ठेवा.

१८६२ पासून पैशावर मुखवटा आला. मुकुट घातलेली, डावीकडे पाहणारी बाई म्हणजे व्हिक्टोरिया. नावापुढे इंग्रजीत ‘क्वीन’ असेल तर १८७६ पर्यंतचा, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ नंतरचा. उजवीकडे पाहणारा, बिनमुकुटाचा तो सातवा एडवर्ड. डावीकडे पाहणारा, मुकुट आणि दाढी असलेला तो पाचवा जॉर्ज. मध्ये भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ चा.

कधी वजनही साक्ष देते. एडवर्डचा १९०६ चा पैसा दोन प्रकारचा आहे. तांब्याचा जाड, सुमारे साडेसहा ग्रॅम. ब्राँझचा पातळ, पाच ग्रॅमच्या आत. सोनाराच्या काट्यावर लगेच कळते.

आता लाखाची गोष्ट. हे पैसे सरकारने अमाप पाडले. झिजलेल्याला बहुधा थोडीच किंमत येते. रामदरबाराचे चित्र आणि १८१८ साल असलेले ‘कंपनीचे नाणे’ कोणी विकायला आणले तर घेऊ नका. कंपनीने तसे नाणे पाडलेच नव्हते. ‘तुमचे नाणे लाखांत घेतो, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून असे पैसे उकळले जातात, असा इशारा खुद्द बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. कष्टाचा पगार अशा फोनवर घालवू नका.

आम्ही कारकून माणसे. नोंद नसलेली वस्तू आम्हाला अपुरी वाटते. म्हणून पैसा कागदाच्या पुडीत ठेवा आणि वर लिहा: कोणाचा, कुठल्या काळचा, घरात कोणी जपला. असे चौसष्ट पैसे मिळून एक रुपया होई, हेही मुलांना सांगा. बाजारात त्याला काहीही भाव येवो, घरात त्याची नोंद राहील.