घासल्याशिवाय रंग बसत नाही



सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. पिशवीत दोन-चार पुस्तके, एखादे कॅलेंडर आणि जमल्यास भगवान बुद्धांची किंवा बाबासाहेबांची छोटी मूर्ती असतेच. पूर्वी या मूर्ती बहुतेक प्लास्टरच्या असत. दादरहून जोगेश्वरीपर्यंत लोकलच्या गर्दीत त्या धड पोहोचल्या तर नशीब! आता फायबरच्या आणि रेझिनच्या मूर्ती सर्रास मिळतात. त्या सहजासहजी फुटत नाहीत. मात्र त्यांच्याबद्दल एक तक्रार घरोघरी ऐकू येते. मूर्ती शाबूत राहते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. कोटाचा निळा रंग कोपरापाशी सोलला जातो, मग खांद्यावर, मग गालावर.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे ऑइल पेंटचा डबा. जयंती आठ दिवसांवर आली की मंडळातला एखादा उत्साही कार्यकर्ता ब्रश घेतो आणि जुन्या रंगावरच एक हात मारतो. पुढच्या वर्षी आणखी एक. असे आठ-दहा हात बसले की चष्म्याची काडी गालात बुजते, ओठांची रेघ नाहीशी होते, डोळ्यांभोवतीची खोलगट जागा भरून जाते. मग बाबासाहेब ओळखायचे ते निळ्या कोटावरून आणि हातातल्या पुस्तकावरून! मूर्तिकाराने चेहऱ्यावर केलेली मेहनत आपणच प्रेमापोटी पुरून टाकतो.

रंग का टिकत नाही, हे समजायला आधी वस्तू समजली पाहिजे. अॅराल्डाइटच्या दोन नळ्या किंवा नळ गळू लागला की लावायचा एम-सीलचा दोन रंगांचा गोळा आपण सर्वांनी हाताळलेला आहे. तेच इपॉक्सी. एक भाग रेझिन, दुसरा हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांची रासायनिक क्रिया होते, उष्णता निघते आणि पुन्हा न वितळणारा कडक पदार्थ तयार होतो. फायबरच्या मोठ्या पुतळ्यांत बहुधा पॉलिस्टर रेझिन असते, ते वेगळे. पण बाजारात सगळ्यांनाच ‘रेझिन’ म्हणतात आणि रंगाच्या बाबतीत दोघांचा स्वभाव जवळपास सारखाच.

भिंत रंग पिते, लाकूड रंग पिते. रेझिन पीत नाही. त्याचा पृष्ठभाग काचेसारखा बंद असतो. शिवाय मूर्ती साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण लावतात, ते मेण मूर्तीच्या अंगाला चिकटून येते. इपॉक्सी दमट हवेत सुकवले तर वर एक मेणचट पातळ थर धरतो, तो निराळाच. मुंबईचा पावसाळा म्हणजे या थराला निमंत्रण! अशा अंगावर कितीही भारी रंग लावा, तो मूर्तीला धरत नाही, मेणाला धरतो आणि मेणाबरोबरच निघतो.

म्हणून पहिले काम ब्रशचे नव्हे, साबणाचे. नवी वस्तू असेल तर ती पूर्ण कडक होऊ द्यावी. हाताला चिकटत नाही म्हणजे झाली, असे समजू नये. इपॉक्सी साधारण एका दिवसात कडक वाटते, पण पूर्ण पक्के व्हायला आठवडाभर लागू शकतो. मग कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि खरबरीत घासणी घेऊन वस्तू धुवावी. धुण्याआधी पॉलिश पेपर लावू नये, नाहीतर मेण निघण्याऐवजी चरांत भरले जाते. धुऊन वाळल्यावर २२० नंबरचा आणि नंतर ३२० किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. चकाकी जाऊन सगळीकडे सारखी मंद झाक आली की थांबावे. नाक, पापण्या, चष्म्याची कड येथे कागदाची बारीक घडी करून घासावे, पण बेतानेच. शेवटी स्पिरिटच्या फडक्याने पुसावे आणि त्यानंतर उघडा हात लावू नये, कारण हाताचे तेलही रंगाला नको असते.

त्यावर प्रायमर. इपॉक्सी प्रायमर उत्तम, नाहीतर प्लास्टिकवर चालणारा प्रायमर दुकानात मागावा. ताज्या इपॉक्सीवर थेट ऑइल पेंट लावू नये. खाली उरलेल्या हार्डनरमुळे तो दिवसेंदिवस चिकटच राहू शकतो. प्रायमर सुकला की अॅक्रेलिक रंगाचे पातळ दोन-तीन हात द्यावेत. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे. आणि चेहऱ्यावर चकचकीत रंग कृपा करून लावू नका! बल्बच्या उजेडात नाक तेवढे चमकते आणि डोळे दिसत नाहीत. चेहरा मॅट ठेवावा, चकाकी हवीच असेल तर बुटांना द्यावी.

आधी पाया आणि मग रंग, ही पद्धत आजची नाही. अजिंठ्याच्या कलावंतांनी लेण्यांच्या भिंती गुळगुळीत केल्या नाहीत. छिन्नीच्या घावांनी खरबरीत राहिलेल्या खडकावर त्यांनी माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि मग ब्रश उचलला. त्याच अजिंठ्याची दुसरी गोष्टही रंगाऱ्याने लक्षात ठेवावी. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. सुटू पाहणारी चित्रे धरून ठेवण्यासाठी त्यांनी शेलॅक, म्हणजे लाखेचे द्रावण वापरले. हेतू चांगला होता, कामही झाले, पण पुढे तो लेप पिवळा आणि काळपट पडला. तो उतरवण्याचे कष्ट पुरातत्त्व खात्याला घ्यावे लागले. पारदर्शक इपॉक्सीचीही तीच खोड आहे. उन्हात ते पिवळे पडते. म्हणून उघड्यावरच्या मूर्तीला वरून इपॉक्सीचा लेप देऊ नये, ऊन सोसणारे पॉलियुरेथेन वॉर्निश ब्रशने द्यावे. दोन भागांचे पॉलियुरेथेन फवाऱ्याने मारणे घरच्या माणसाचे काम नव्हे. त्यातला आयसोसायनेट नावाचा पदार्थ श्वासावाटे गेला तर दमा जडतो.

आता जुन्या मूर्तीविषयी. थरावर थर चढलेला रंग कोरडा खरवडू नये. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. जागा ओली करूनच घासावे, मुलांना दूर ठेवावे, उरलेला चोथा कागदात गुंडाळून टाकावा, गटारात सोडू नये.

आणि मूर्ती वस्तीच्या चौकातली असेल तर कागद हातात घेण्याआधी आणखी एक काम आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि १० जणांचे प्राण गेले. हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. अर्धवट घासलेला चेहरा पहाटे कामावर निघालेल्या माणसाच्या नजरेला पडला तर त्याला काय वाटेल? म्हणून बौद्धजन मंडळाची बैठक घ्यावी, महिला मंडळाला सांगावे, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, फलक लावावा आणि काम संपेपर्यंत पुतळा स्वच्छ कापडाने पूर्ण झाकावा. पोच फाइलला लावून ठेवावी. (कारकुनाची सवय, पण ती उपयोगी पडते!)

आपल्या काही भगिनी आणि कॉलेजची मुले आता घरीच रेझिनच्या नावाच्या पाट्या, किचेन, लग्नातल्या हारांच्या फ्रेमा करू लागली आहेत. तेथे रंग वरून न लावता आतच मिसळतात. रंगाची पूड किंवा रेझिनची खास पेस्ट आधी रेझिनमध्ये ढवळावी, हार्डनर नंतर. रंग वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, म्हणजे १०० ग्रॅमला पाच ग्रॅमहून जास्त नको. पाण्याचे रंग घातले तर वस्तू ढगाळ आणि मऊ राहते. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा समजही खोटा. डब्यावरचे प्रमाण काट्यावर मोजूनच घ्यावे.

या कामात पैसा आहे म्हणून एक गोष्ट कठोरपणे सांगतो. ओल्या इपॉक्सीची त्वचेला अॅलर्जी होते आणि एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. मग तो माणूस नुसता डबा उघडला तरी खाजवत बसतो आणि हातातला धंदा सोडावा लागतो. तेव्हा नायट्राइलचे हातमोजे हवेतच. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसू नये, त्याने ते कातडीत अधिक मुरते. साबण-पाण्याने धुवावे. दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात स्टोव्ह आणि दुसऱ्यात थिनर, असे चालू देऊ नका. काम दारात किंवा खिडकीशी, चूल विझवून, आणि मिसळायची भांडी स्वयंपाकात परत नकोत. गरोदर भगिनींनी या कामापासून लांब राहिलेले बरे.

राहता राहिला हिशेब. आपले रंगारी भाव सांगतात तो रंगाच्या डब्याचा आणि ब्रशच्या दिवसाचा. धुणे, घासणे, पुसणे, सुकण्याची वाट पाहणे यांतच तीन-चार दिवस जातात आणि ते कुठेच लिहिलेले नसतात. मग मंडळ घासाघीस करते, रंगारी घासणे वगळतो आणि वर्षात पापुद्रे निघतात. भावपत्रक दोन ओळींत लिहा, एक तयारीची मजुरी आणि एक रंगाची. १४ एप्रिलचे काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात हाती घ्या, म्हणजे प्रत्येक थराला सुकायला वेळ मिळेल आणि जयंतीच्या आदल्या रात्री हार ओल्या रंगाला चिकटणार नाही.