सोशल मीडिया नावाचा कोणी फोटोग्राफर नसतो

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्याच्या ज्याच्या मोबाईलमध्ये वारीचे फोटो पडलेत, त्याने वेळ काढून वाचावी. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, २१ वर्षांचा. सकाळी वडिलांबरोबर दूध घालतो, मग कॉलेज. दोन वर्षांपूर्वी त्याने जुना डीएसएलआर विकत घेतला. काही पैसे त्याने साठवलेले, काही आईच्या भिशीतले. सोबत १८-५५ ची लेन्स, कॅमेऱ्याबरोबर येते तीच. गल्लीतला 'पेपरवाला' मी, म्हणून कॅमेरा घेऊन आधी माझ्याकडेच आला. "दादा, शिकवा."

मी पत्रकारितेची पदविका केली तेव्हा रोलचा जमाना होता. ३६ चा रोल, नशीब असेल तर ३८ फोटो निघायचे. बटण दाबायच्या आधी दोनदा विचार करायचा, एवढीच शिदोरी माझ्याकडे होती. ती त्याला दिली.

त्याच वर्षी आषाढी वारी आली. आपल्या तालुक्याला दरवर्षी मिळणारं भाग्य तुम्हाला सांगायला नको. लोणंदहून माउलींची पालखी तरडगावकडे निघते आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. पोरगा तिथे चार तास उभा. दुतर्फा दिंड्या, टाळ, पताका आणि मधून अश्वांची दौड. याचा कॅमेरा ऑटोवर. पंधरा-वीस फोटो काढले आणि सगळ्यांत घोड्याच्या जागी पांढरा फराटा. रात्री घरी आला तो रडवेला होऊन. "दादा, कॅमेरा खराब दिला वाटतं मला."

कॅमेरा चांगला होता. ऑटोला काय माहीत, समोर घोडा पळतोय की देऊळ उभं आहे? त्याने आपला मधला मार्ग काढला आणि शटर सावकाश ठेवलं.

मग वर्षभर तो खरं शिकला. दूध घालणाऱ्या पोराला मी दुधाच्याच भाषेत सांगितलं. प्रकाश म्हणजे दूध, फोटो म्हणजे बरणी. ॲपर्चर म्हणजे चरवीचं तोंड किती मोठं, शटर म्हणजे किती वेळ ओतायचं. आयएसओ वाढवला की थोडंसं दूधही जास्त दिसतं, पण त्यात पाणी घातल्यासारखं होतं, फोटोत दाणे येतात. तोंड मोठं केलं तर वेळ कमी करावा लागतो, वेळ कमी केला तर बाकी कुठून तरी भरून काढावं लागतं. एवढं डोक्यात बसलं की निम्मी फोटोग्राफी आली.

रोज संध्याकाळी तो एसटी स्टँडबाहेर उभा राहायचा. आत शिरणाऱ्या गाड्या, पळणारी कुत्री, सायकलवरची पोरं. एका वहीत लिहायचा, कोणत्या उजेडाला कोणते आकडे. तीनेकशे फोटोंतले दोन बरे निघायचे. नवीन लेन्स घेऊ का, असं त्याने मला वर्षात एकदाही विचारलं नाही. नवशिक्यांनी एवढं जरी त्याच्याकडून घेतलं तरी पैसे वाचतील.

दुसऱ्या वर्षी पुन्हा चांदोबाचा लिंब. आभाळ भरून आलेलं. शटर १/१०००, ॲपर्चर ५.६, आयएसओ ८००. माउलींचा अश्व चारही पाय हवेत, खाली माती उडालेली आणि मागे एक म्हातारा वारकरी टापांखालची माती कपाळाला लावायला आधीच वाकलेला. मी २० वर्षं वारी कव्हर करतोय. असा फोटो मला एकदाही मिळालेला नाही.

पोराने आनंदाने तो दिंडीच्या ग्रुपवर टाकला. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या आवृत्तीत फोटो, खाली नाव नाही. चौकात १० बाय २० चा स्वागताचा फ्लेक्स, त्यावर तोच अश्व आणि बाजूला आपले हात जोडलेले नेते. कुणीतरी त्याला गाणं लावून व्हिडिओ केला आणि कोपऱ्यात स्वतःच्या पेजचं नाव टाकलं.

आणि माझ्या पोर्टलवर? मीही लावला. मला फोटो तिसऱ्याच ग्रुपवरून आला होता, घाई होती, मी खाली लिहून टाकलं, 'फोटो सौजन्य : सोशल मीडिया'. ज्या पोराला मी वर्षभर शिकवत होतो, त्याचा फोटो मला ओळखता आला नाही. ओळखता आला असता, पण विचारायचे कष्ट घेतले नाहीत, असं म्हणणं जास्त खरं.

यात आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही. पालखी फलटणला मुक्कामी होती तेव्हा पोरगा मला त्याचे बाकीचे फोटो दाखवत होता. त्यात एक होता, टँकरच्या नळाखाली पहाटे अंघोळ करणाऱ्या दोन बायांचा. उजेड सुंदर, फोटो म्हणून चांगला. मी भडकलो. म्हटलं, "अरे, त्यांना विचारलंस का? तुझ्या आईचा असा फोटो कुणी काढला तर?"

त्याने माझ्यासमोर फोटो पुसला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "चुकलं माझं. पण दादा, माझा घोडा लावलात तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच रात्री पोर्टलवर त्याचं नाव टाकलं, पण तोवर बातमी वाचून झालेली होती.

आता जी मंडळी म्हणतील की एवढ्याशा फोटोचं काय घेऊन बसलात, त्यांच्यासाठी कायदा. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात फोटोचा कर्ता कोण हे स्पष्ट आहे, जो फोटो काढतो तो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचं संरक्षणही लेखनासारखंच, कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. पैसे देऊन लग्नाचे फोटो काढून घेतले किंवा पेपरच्या नोकरीत असताना काढले, तर हक्काचा हिशेब वेगळा होतो. चालू घडामोडींच्या बातमीसाठी कायदा थोडी मोकळीकही देतो. पण नेत्याचा फ्लेक्स ही बातमी नव्हे. आणि 'हे माझं काम आहे' असं सांगायचा कर्त्याचा अधिकार कायद्याने वेगळा मानलाय. हक्क विकला तरी तो त्याच्याकडेच राहतो.

दुसरा मुद्दा लगेच येतो, मला फोनवर आलासुद्धा. "माउलींच्या सेवेत कसलं नाव आणि कसला हक्क?" बरोबर आहे. वारीत चप्पल शिवून देणारे, पाय दाबून देणारे, पाण्याचे टँकर देणारे कुणी नाव मागत नाहीत. पण ते स्वतः ठरवून सेवा देतात. सेवा दिली जाते, न विचारता काढून घेतात त्याला सेवा म्हणत नाहीत. आणि गंमत बघा, त्या फ्लेक्सवर फोटो काढणाऱ्याचं नाव नव्हतं, पण नेत्याचं आणि खाली १५ कार्यकर्त्यांची नावं होती. सेवेत नाव नको हा नियम फक्त गरिबाच्या पोराला?

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने, कारण बाईच्या नावाला आणि नवख्याच्या नावाला किंमत नव्हती. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचं नाव निदान पुढे तरी समोर आलं. आपल्या तालुक्यातल्या पोरांचं येईल का? नाव छापून आलं की एखाद्याला पहिलं काम मिळतं, घरच्यांना वाटतं की पोरगं वाया जात नाहीये. नाव आलं नाही की दोन वर्षांत कॅमेरा विकला जातो. असे विकले गेलेले तीन कॅमेरे माझ्याच ओळखीत आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं. आपण पत्रकारांनी, पोर्टलवाल्यांनी 'सौजन्य सोशल मीडिया' लिहिणं बंद करावं. फोटो कुणाचा हे दोन फोन केले की कळतं. कळलं नाही तर फोटो लावू नये, बातमी मरत नाही. फ्लेक्स लावणाऱ्यांनी फोटोचे पैसे द्यावेत. फ्लेक्स छापणाऱ्याला देताच ना?

आणि नवीन कॅमेरा घेतलेल्या पोरापोरींनो, तुम्हीही थोडं करा. कॅमेऱ्यात तारीख-वेळ बरोबर लावा. बहुतेक डीएसएलआरच्या मेनूमध्ये कॉपीराइटची जागा असते, तिथे स्वतःचं नाव भरा, म्हणजे ते प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये जातं. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही आतली माहिती पुसली जाते. कुणाला द्यायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल कधी डिलीट करू नका, तोच तुमचा पुरावा. आणि समोरच्या माणसाला विचारा. ज्याने स्वतः विचारलं, त्यालाच 'मला का विचारलं नाही' म्हणता येतं.

या पोस्टमध्ये त्या पोराचं नाव का नाही, असं तुम्ही म्हणाल. मी या वेळी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही फोटो टाकताय का? नाही ना. मग नाव नको. फोटो टाकाल तेव्हा टाका."

पुढच्या वारीला त्याचा फोटो त्याच्या नावासकट, ठरलेले पैसे देऊन माझ्या पोर्टलवर लागेल. हा माझा शब्द, सगळ्यांसमोर देतोय. बाकीच्या पत्रकार मित्रांनी आणि फ्लेक्सवाल्या भाऊंनी खाली येऊन आपापलं सांगावं. पटत नसेल तर तेही बोला.